रामनवमी ते खंडेनवमी

मंगळवार, ५ मे. अंगारकी.

हिशेबाच्या वहीत असलं काही लिहवत नाही, म्हणून ही वेगळी केली. जान्हवीच्या कॉलेजच्या वह्यांमधली मागची कोरी पानं काढून शिवली. टाकून काय द्यायची.

आज उपास असताना घाटकोपरहून अंधेरीला जावं लागलं. जान्हवीला इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीत जागा मिळाली आहे, अन्न तपासण्याचा कोर्स, सप्टेंबरात सुरू होतो. राहिलाय तो व्हिसा. त्याचे कागद करून देणारी श्वेता म्हणून बाई आहे. ऑफिसात एसी इतका की ती स्वतः शाल पांघरून बसलेली. तो कमी करावा हे काही सुचत नाही.

आधी कधी तिकडे गेला होतात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हो, २०१८ ला. माझी नणंद अनुपमा तिथे असते, तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. जान्हवी बारा वर्षांची, तिला इथे कोणाच्या गळ्यात घालणार, म्हणून तीही बरोबर. व्हिसा सहा महिन्यांचा, राहिलो सहा महिने, आलो परत. त्यात लपवण्यासारखं काय आहे.

बाईने जुने पासपोर्ट उघडले. बोटांवर मोजलं, परत मोजलं. मग म्हणाली, "काकू, मुदत चोवीस सप्टेंबरला संपली. मुंबईत उतरल्याचा शिक्का एकोणीस ऑक्टोबरचा आहे. चोवीस दिवस जास्त राहिलात तुम्ही."

मी म्हटलं, शिक्का चुकीचा असेल. ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

मग तिने सांगितलं की फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. खोटं लिहिलं आणि सापडलं तर जान्हवीला दहा वर्षं दार बंद. खरं लिहिलं तर ती तेव्हा लहान होती, निभावून जाईल. पण बरोबरच्या मोठ्या माणसाने लिहून द्यायला हवं, का राहिलो ते, आणि पुरावा जोडायला हवा. कागद मेअखेरपर्यंत हातात पाहिजेत, नाहीतर ह्या वर्षीची जागा गेली.

कारण मला तिथल्या तिथे कळलं. तिकिटं अनुपमाच्या नवऱ्याने काढली होती. बिनपगाराची बाई मिळाली होती त्यांना, सोडतील कशाला. मी तसं सांगितलं. बाई म्हणाली, मग त्यांच्याकडून तसं लिहून आणा.

परतताना मेट्रोत जान्हवी माझ्या शेजारी बसली नाही. जागा होती.

शुक्रवार, ८ मे.

अनुपमाला फोन केला. फोन लावून जान्हवीने स्पीकरवर टाकला आणि तिथेच उभी राहिली, जशी काही मी आत्याला खाणार होते.

मी शांतपणे सांगितलं. दोन ओळी लिहून दे की बाळ लहान होतं, तुझं पोट शिवलेलं होतं, म्हणून तू आम्हाला ठेवून घेतलंस. ह्यात तुझं काही जात नाही.

"वहिनी, मी तुम्हाला ठेवून घेतलं नव्हतं."

"मग मी काय हौसेने राहिले होते तुझ्या घरात?"

"ते मी म्हणत नाही. पण जे झालं नाही त्याच्यावर सही करणार नाही मी. जान्हवीसाठी दुसरं काहीही सांग, करते."

दुसरं काय सांगू? ह्या बाईच्या पोराला सहा महिने तेल चोळलं, हिला डिंकाचे लाडू करून घातले, हिच्या त्या मशीनमध्ये पांढरे कपडे गुलाबी झाले तर तोंड वाकडं केलेलं सोसलं. आणि पोरीसाठी एक सही देत नाही. देवापुढे दिवा लावताना मनात तेच येत होतं. तीनदा स्तोत्र चुकले.

जान्हवी म्हणाली, "आई, आत्या कधी खोटं बोलते का?" मी म्हटलं, मग मी बोलते का. ती फोन घेऊन आत गेली.

मंगळवार, १२ मे.

साकीनाक्याहून हे आज लवकर आले. तिथे एका कारखान्यात फोरमन आहेत. हातपाय न धुता माळ्यावरची ट्रंक काढली. म्हटलं पासपोर्ट तर माझ्याकडे आहेत, काय शोधताय.

तात्यांची फाइल काढली. तात्या म्हणजे माझे सासरे, जाऊन पाच वर्षं झाली. २०१९ ला त्यांनी नातू बघायला जायचं म्हणून व्हिसा मागितला होता, तो मिळाला नाही. मग लॉकडाऊन आलं आणि मग तेच गेले. अनुपमाने कागद नीट पाठवले नसणार, हे मी तेव्हाही बोलले होते. त्या नकाराचं इंग्रजी पत्र फाइलमध्ये होतं. ह्यांनी खिडकीपाशी उभं राहून ओळीखाली बोट धरून वाचलं. दोनदा वाचलं. मग चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

जेवले नाहीत. पित्त झालं असणार, दुपारी उन्हात बाहेरचं काहीबाही खातात. कोकमाचं सार केलं तेही तसंच राहिलं. सकाळी मी पिऊन टाकलं.

रविवार, १७ मे.

आजपासून अधिक महिना लागला. एक महिना नवं काम नाही, शुभ काही नाही, फक्त दान आणि नामस्मरण. मी जान्हवीला सांगितलं, फॉर्म पंधरा जून उलटल्यावर भर.

"युनिव्हर्सिटीला अधिक महिना नसतो आई."

म्हटलं, नसेल त्यांना, आपल्याला आहे. आणि जायची एवढी घाई कशाला? इथे काय कमी पडतंय तुला?

"इथे तू आहेस."

असं म्हणाली. हे आत होते, त्यांनी ऐकलं असणार. गेले पाच दिवस माझ्याशी मोजकंच बोलतात, मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच. बापलेक दोघं मिळून मला घरात पाहुणी करणार असं दिसतंय.

मी तिला उपाशी ठेवलं, मनासारखं शिकवलं नाही, असं झालेलं नाही. बारावीच्या क्लासला माझ्या पाटल्या गेल्या. हे तिला माहीत आहे. माहीत असून असं बोलली.

बुधवार, २० मे.

जान्हवीने वाट काढली आहे म्हणे. आत्या देत नाही तर जान्हवीच तेव्हा आजारी होती असं लिहायचं. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट देणारा एक डॉक्टर तिच्या मैत्रिणीच्या ओळखीचा आहे. टायफॉइड होता, फोनवरून मीच औषध दिलं, प्रवास करू नका म्हटलं, असा कागद तो देतो.

मी म्हटलं, टायफॉइडमध्ये तू तिथे सायकल शिकत होतीस. ती म्हणाली, "मग खरं कारण दे तू. आहे का तुझ्याकडे?"

माझ्याकडे आहे ते सांगून झालं. सही करणारी करत नाही, त्याला मी काय करू?

शुक्रवार, २२ मे.

हे लिहू की नको, असं संध्याकाळपासून चाललंय.

खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंच्या लेकीचा लग्नानंतरचा पहिला अधिक. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि कुंदाताईंचे अनारसे कधी धड होत नाहीत, तुपात सोडले की हसतात, फाटून चाळण होते. म्हणून दर वेळी मला बोलावणं येतं. मी खसखशीवर थापत होते, त्या मोजत होत्या. त्यांनी विचारलं, तू स्वतः कोणाला दिलंस गं वाण, तुला तर अजून जावई नाही. मला जरा मिरवायचंच होतं. म्हटलं, मी परदेशात दिलंय. अनुपमाच्या नवऱ्याला, हर्षदरावांना. सासूबाई नाहीत, मग माहेरचं वाण कोण देणार, मीच दिलं. तिथल्या थंडीत तांदूळ तीन दिवसांत भिजेनात, चार दिवस ठेवले होते.

बोलता बोलता हातातला अनारसा उलटा पडला, खसखशीची बाजू खाली. तुपात हसला.

वाण अधिकातच देतात. म्हणजे त्या वर्षी अधिक होता. हाच, अधिक ज्येष्ठ.

आम्ही तिथे पोचलो ती रामनवमी होती. मी तेव्हाच बोटांवर मोजलं होतं, चैत्र नवमी ते आश्विन नवमी सहा महिने, खंडेनवमीला निघू, दिवाळीला घरी. हर्षदरावांनी तिकिटाचं विचारलं तेव्हा मीच खंडेनवमी सांगितली. मध्ये एक महिना जास्तीचा आला तो मी धरलाच नाही. अधिक कोण धरतं? आमच्या आईने कधी धरला नाही. व्रताचा महिना मोजताना, बाळाचा महिना मोजताना, अधिक सोडूनच मोजतात.

साहेबाने धरला.

अजून एक आठवलं. गणपतीच्या दिवसांत अनुपमा म्हणाली होती, वहिनी, तिकिटाची तारीख पासपोर्टशी ताडून बघितलीस ना? मी म्हटलं होतं, हाकलतेस का मला? ती बाळाला घेऊन वर गेली. परत तो विषय काढला नाही.

एकदाच विचारलं तिने. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं? माणूस एकदा रागावतं म्हणून काय तोंडाला कुलूप लावायचं?

सोमवार, २५ मे.

कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार. श्वेताबाई हसणार, ती हसरीच आहे. जान्हवी आयुष्यभर ऐकवणार. आणि अनुपमाला तर पेढेच वाटायला होतील.

चोवीस दिवस माझ्या नावावर नाहीत, कॅलेंडरच्या नावावर आहेत, असंही वाटतं. पण जप करायला बसले की माळ पुढे सरकत नाही.

गुरुवार, २८ मे.

काल एकादशी. आज पूजा करून उठले तर टेबलावर सर्टिफिकेट. इंग्रजी मला लागत नाही, पण जान्हवीचं नाव आणि टायफॉइड एवढं कळलं. शिक्का, सही, २०१८ ची तारीख, सगळं बरोबर. नुसतं बघून कोणी म्हटलं असतं पोरगी आजारी होती.

दहा वर्षं, असं श्वेताबाई म्हणाली होती. पोरगी तीस वर्षांची होईल.

मी तो कागद फाडला. आधी दोन तुकडे, मग चार. जान्हवी आंघोळीहून आली आणि अशी ओरडली की कुंदाताई जिन्यापर्यंत आल्या. मी दार लावून घेतलं. हे डबा भरत होते.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी तिथीने मोजलं. मध्ये अधिक आला होता."

जान्हवीला आधी कळेना. मग कळलं तेव्हा हसायला लागली. ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हणजे आत्याने अडकवलं नव्हतं. तीन आठवडे तू तिला शिव्या घालत्येस."

तीन आठवडे म्हणाली. तिला तीनच आठवडे दिसतात.

ह्यांनी डबा खाली ठेवला. रागावले की हे मालवणीत येतात. "तात्यांचा पत्र वाचून दाखवू तुका?"

मी म्हटलं, नको, नैवेद्य राहिलाय. ते थांबून राहिले. मी स्वयंपाकघरात गेले. मग दार वाजलं.

शनिवार, ३० मे.

श्वेताबाईकडे. पुरावा पाहिजे म्हणून काल फळ्या उपसल्या. जुनी कॅलेंडरं मी डब्यांखाली अंथरते, त्यात २०१८ सापडलं. मे आणि जूनचं पान तेलकट झालंय, पण ‘अधिक ज्येष्ठ’ स्वच्छ वाचता येतं. मी तेव्हा इथे नव्हते म्हणून पानावरचे दुधाचे आकडे ह्यांच्या अक्षरात आहेत. जूनभर रोज पाव लिटर. तात्या तेव्हा गावी, हे एकटे.

बाई पान उलटसुलट करून बघत राहिली. "काकू, साहेबाला अधिक महिना कसा समजावू मी?"

मी म्हटलं, लिहा. आमच्या पंचांगात दर तीन वर्षांनी एक महिना जास्त येतो आणि आम्ही तो मोजत नाही. मी मॅट्रिक आहे. पासपोर्टवरची तारीख मला वाचता येत होती, मी वाचली नाही. नणंदेने विचारलं होतं, मी तिला गप्प केलं. मुलीचा काही संबंध नाही, ती माझ्या मागे आली.

हे सगळं माझ्या अक्षरात मराठीत लिहिलं, तिने खाली इंग्रजी करून घेतलं. नणंदेचं वाक्य नसलं तरी चालेल असं ती म्हणत होती. मी म्हटलं, राहू दे.

सही करायच्या आधी तिने पेन माझ्या हातातून परत घेतलं. "नीट ऐका. ह्याच्यावर तुमची सही झाली की चूक तुमच्या नावावर कायमची. उद्या हिच्या पदवीदानाला जायचं म्हणालात तर तुम्हाला व्हिसा मिळणं कठीण आहे."

मी जान्हवीकडे बघितलं. ती मोबाइलमध्ये होती. ऐकलं की नाही देव जाणे.

"हिला मिळेल ना?"

"मिळायला हवा."

मिळेल असं काही ती म्हणाली नाही. ह्या लोकांची तोंडं अशीच. सही केली. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा गिरवावी लागली.

बुधवार, ३ जून.

फॉर्म गेला, बोटांचे ठसे झाले. अधिकातच. मी अडवलं नाही. जान्हवी निघताना देवाच्या पाया पडली, माझ्या नाही.

शुक्रवार, २६ जून.

व्हिसा मिळाला. ईमेल आली. मला वाटलं होतं काही शिक्का, काही जाड कागद येईल. नुसती ईमेल.

मला कसं कळलं तेही लिहिते. जान्हवी गॅलरीत फोनवर होती. मी कपडे काढायला गेले तर म्हणत होती, "आत्या, झालं गं, झालं," आणि रडत होती. आधी आत्याला. मग बाबांना कारखान्यात फोन. मग आत येऊन मला. मी म्हटलं, बरं झालं. देवापुढे साखर ठेवली.

रात्री जेवताना तिने सांगितलं की पहिले दोन महिने ती अनुपमाकडे राहणार आहे, तिथून कॉलेज जवळ पडतं. विचारलं नाही, सांगितलं. हे म्हणाले, चांगलं आहे.

मी म्हटलं, तिने तर सही दिली नव्हती.

जान्हवीने ताट उचललं. "आई, तिने माझ्यासाठी दुसरं पत्र दिलं होतं, राहण्याची सोय करते म्हणून. पंचवीस मेलाच दिलं होतं. तुला सांगू नको म्हणाली, उगाच चिडशील म्हणून."

माझ्यापासून ह्या घरात किती गोष्टी लपवून ठेवतात लोक. आणि सगळे चिडशील म्हणूनच.

रविवार, २८ जून.

हे आणि जान्हवी बॅग घ्यायला गेले. मी अनुपमाला फोन केला. तिच्याकडे सकाळ होती.

ती जान्हवीची खोली कशी लावली ते सांगायला लागली. मी म्हटलं, त्यासाठी नाही. तात्यांच्या पत्रात काय होतं?

"दादाने वाचून दाखवलं नाही?"

"मी वाचू दिलं नाही."

"मग आता कशाला वहिनी. जाऊ दे."

"सांग. मराठीत सांग."

तिने सांगितलं. दोनच वाक्यं होती. ह्याच घरी आधी बोलावलेली दोन माणसं मुदत संपली तरी परत गेली नाहीत. त्यामुळे हा माणूस मुदतीत परत जाईल ह्याची आम्हाला खात्री वाटत नाही.

मी विचारलं, सात वर्षं का बोलली नाहीस?

"तात्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, मालनला कळता कामा नये. शेवटी माझं तीच करणार आहे."

केलं मी. दोन वर्षं अंथरुणावर होते, सगळं केलं. रोज भरवताना म्हणायचे, बघा तात्या, तुमच्या लेकीने नातू दाखवायला एकदा नेलं नाही तुम्हाला, इथे शेवटी सूनच. ते मान हलवायचे. मला वाटायचं, हो म्हणताहेत.

अनुपमा म्हणाली, वहिनी, आहेस ना? मी म्हटलं, आहे. मग तिचा मुलगा उठला आणि तिला जावं लागलं. माफ कर म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहिते, पण तोंडातून आलं असतं की नाही माहीत नाही.

तात्या गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगितलं होतं. लेकीने बापाला एकदा नेलं नाही. पाच वर्षं सांगतेय. कोणाकोणाला ते आठवून काढलं. कुंदाताई. दत्ताच्या देवळातल्या तिघी. नीलम आणि तिची सासू. रेशनच्या रांगेतली ती, नाव माहीत नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या निदान पाच. अनुपमा आठ दिवसांसाठी आली होती तेव्हा ह्या सगळ्या तिच्याशी कशा वागल्या ते मी बघितलं होतं, आणि मला बरं वाटलं होतं.

उद्या वटपौर्णिमा. मैदानाजवळच्या वडाला ह्या सगळ्या येतात. दर वर्षी मी पहाटे, गर्दीच्या आधी सूत गुंडाळून परत येते. उद्या गर्दी झाल्यावर जायचं.